बेळगावात नवं बिऱ्हाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सांगलीकडून, तसंच जिल्ह्यातल्याच खानापूर, निपाणी, चिकोडीहून नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावला येणारी कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. राज्य बदलून येणाऱ्यांना जास्त कागद लागतात. फरक पडतो तिथं तसं सांगितलं आहे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात गुंतलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्हाला बेळगाव फारसं माहीत नाही. घर कुठल्या भागात बघावं?

भाड्यावरून सुरुवात करू नका. मुलांची शाळा आणि नोकरीचं ठिकाण आधी ठरवा, मग त्या दोन्हींच्या मधलं घर शोधा. उद्यमबागेत कारखान्यात नोकरी असेल तर अनगोळ, भाग्यनगर, मजगाव सोयीचं. व्हीटीयूकडे (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) जायचं असेल तर मच्छे, पिरनवाडी. केएलईच्या दवाखान्यात काम असेल तर नेहरूनगर, सदाशिवनगर. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ इथं मराठी शेजार सहज मिळतो. महांतेशनगर, रामतीर्थनगरकडे कन्नड जास्त ऐकू येईल. हिंडलगा, गणेशपूरची बाजू कॅम्पाला लागून आहे.

दोन गोष्टी जाहिरातीत कळत नाहीत. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर शाळेच्या वेळेला गाड्या खोळंबतात. त्यामुळे घर गेटाच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे असेल तर रोजची धावपळ ठरलेली. दुसरं म्हणजे वडगाव, खासबागच्या काही गल्ल्यांत यंत्रमाग चालतात. रविवारी घर पाहिलं तर शांत वाटेल. कामाच्या दिवशी दुपारी जाऊन पाहा, विशेषतः घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर.

२. घर बघायला गेल्यावर मालकाला नक्की काय काय विचारायचं?

पहिला प्रश्न पाण्याचा. त्याचं सविस्तर उत्तर प्रश्न ३ मध्ये आहे. त्यानंतर लाइटचा मीटर स्वतंत्र आहे का, आणि त्याचा आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) काय. दोन बिऱ्हाडांत एकच मीटर असेल तर पुढे गृहज्योती या वीजबिल सवलतीचा घोळ होतो (प्रश्न ६). मग दुचाकी कुठे लावायची, गच्चीवर वाळवण आणि कपडे घालता येतील का, पाहुणे राहिले तर चालतं का, आणि मांसाहार चालतो का. हा शेवटचा प्रश्न विचारायला बरेच जण संकोचतात आणि महिनाभराने त्यावरूनच कटुता येते. पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. मालकाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

जमलं तर वरच्या किंवा शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंशी दोन मिनिटं बोला. मालक सांगणार नाही ते काकू सांगतील.

३. बेळगावात पाणी किती दिवसांनी येतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि गल्ली बदलली की उत्तर बदलतं. शहराला दोन ठिकाणांहून पाणी मिळतं: मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय आणि घटप्रभेवरचं हिडकल धरण. चोवीस तास पाण्याची योजना २००८ पासून काही वॉर्डांत सुरू आहे. तिथं नळ कधीही सोडा, पाणी असतं. बाकीच्या भागांत काही दिवसांच्या अंतराने येतं आणि उन्हाळ्यात, राकसकोपची पातळी खाली गेली की, ते अंतर वाढतं.

त्यामुळे "पाणी आहे का" असं विचारू नका, सगळे "आहे" म्हणतात. असं विचारा: नळाला कितव्या दिवशी येतं, किती वेळ राहतं, पहाटे येतं का? जमिनीतला संप (पाण्याची टाकी) किती लिटरचा आहे आणि तो कितीजणांत आहे? वरची टाकी आपली वेगळी आहे का? मोटरीचं लाइट बिल कुणाच्या मीटरवर पडतं? बोअर असेल तर मे महिन्यात चालतो का? टिळकवाडी, शहापूरच्या जुन्या घरांत विहिरी आहेत आणि धुण्याभांड्याला तेच पाणी वापरतात. विहीर असलेलं जुनं घर मिळत असेल तर फरशी जुनी आहे म्हणून नाकारू नका. एप्रिल-मेमध्ये त्या विहिरीची किंमत कळते.

नवीन वसाहतीत, विशेषतः शहराच्या कडेला ग्रामपंचायत हद्दीत, नळजोडणीच नसण्याची शक्यता असते. तिथं टँकरचा खर्च भाड्यात धरून हिशोब करा.

४. डिपॉझिट किती मागतात? आणि "लीजवर घर" म्हणजे काय?

डिपॉझिट काही महिन्यांच्या भाड्याइतकं असतं. आकडा बोलून ठरतो. परत करताना रंगकामाचे पैसे कापणार का, हे आत्ताच विचारून करारात लिहून घ्या.

लीज म्हणजे मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं द्यायचं नाही आणि घर सोडताना ती रक्कम पूर्ण परत घ्यायची. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे नवीन वाटतं, कर्नाटकात मात्र रूढ आहे. यात खरा धोका मालकाच्या कर्जाचा. घरावर बँकेचा बोजा असेल आणि हप्ते थकले तर तुमची रक्कम अडकते. म्हणून लीज घेण्याआधी सब-रजिस्ट्रार ऑफिसातून त्या मिळकतीची ईसी, म्हणजे बोजाचा उतारा काढा, रक्कम बँकेतूनच द्या आणि करार नोंदणी करून घ्या. मालक नोंदणीला तयार नसेल तर ते घर सोडून द्या. आयुष्यभराची शिल्लक साध्या बॉण्डच्या भरवशावर ठेवू नये.

५. भाडेकरार साध्या बॉण्डवर केला तर चालतो का? लवकर करायलाच हवा का?

हो, लवकर करायलाच हवा, आणि सामान हलवण्याच्या आधी करा. पुढचं जवळजवळ प्रत्येक काम या एका कागदावर उभं राहतं: गॅस, गृहज्योती, आधारचा पत्ता, गाडीची नोंदणी, शाळेचा प्रवेश. महाराष्ट्रात घराचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. इथं अकरा महिन्यांचा करार ई-स्टॅम्पवर करून नोटरी करण्याची पद्धत आहे. मुदत एक वर्षाच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. ई-स्टॅम्प कुठं मिळेल हे डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय), कोर्टाच्या परिसरातले बॉण्ड रायटर सांगतील.

करारात घर नंबर, गल्ली, वॉर्ड, पिन कोड आणि लाइटचा आरआर नंबर लिहून घ्या. नावं आधारवर आहेत तशीच हवीत. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. जुन्या कागदांवर बेळगाव असलं तरी अडत नाही, पण नवे कागद करताना सगळीकडे एकच रूप ठेवा. अकरा महिने संपले की नवा करार विसरू नका. जुनी तारीख दिसली की खिडकीवरून परत पाठवतात.

६. भाडेकरूंना गृहज्योतीची सवलत मिळते का?

मिळते. इथं वीज हेस्कॉम या सरकारी कंपनीची. ऑगस्ट २०२३ च्या बिलापासून कर्नाटकात घरगुती ग्राहकांना २०० युनिटपर्यंत ही सवलत आहे. पण २०० युनिट सरसकट फुकट नाहीत. त्या मीटरचा २०२२-२३ मधला महिन्याचा सरासरी वापर अधिक १० टक्के (सरासरी अगदी कमी असेल तर १० टक्क्यांऐवजी १० युनिट), एवढंच मोफत. त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरचे युनिट भरायचे. २०० ओलांडले की पूर्ण बिल.

अर्जाला आरआर नंबर, आधार आणि भाडेकरार लागतो. अडचण बहुतेकदा एकच येते: आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं असतं. ते काढून टाकण्याची सोय आहे, पण ते ज्याचं त्याने केलेलं बरं. म्हणून जुने भाडेकरू घर सोडण्याआधीच मालकांमार्फत त्यांना विनंती करा. तुम्हीही तुमचं आधीचं कर्नाटकातलं घर सोडताना पुढच्यासाठी तेवढं करून निघा.

७. आधार, रेशन, मतदान: आधी काय बदलावं?

आधी कुटुंबप्रमुखाच्या आधारवरचा पत्ता. तो बदलला की घरातल्या बाकीच्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो, प्रत्येकासाठी वेगळा करार शोधावा लागत नाही. मग बँक, गॅस, मतदार यादी. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा, नव्याने नाव घालायचा फॉर्म नव्हे. नाहीतर नाव दोन ठिकाणी राहतं आणि तो गुन्हा आहे.

रेशनला वेळ लागतो. राज्य बदललं असेल तर जुन्या कार्डातून नावं कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथलं कार्ड होत नाही, आणि नवे अर्जही वर्षभर सुरू नसतात, अधूनमधूनच घेतात. तोवर जुन्या कार्डावर देशात कुठेही अंगठा लावून धान्य उचलता येतं, त्यामुळे घाईने नाव कमी करून मोकळे बसू नका. घरातल्या बाईंना महिना २००० रुपयांची गृहलक्ष्मी हवी असेल तर कर्नाटकाचं रेशन कार्ड आणि त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचं नाव लागतं. त्या किंवा त्यांचे पती आयकर भरत असतील तर मिळत नाही.

८. गॅसची शेगडी, सिलिंडर बरोबर आणायचे का?

शेगडी आणा. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीकडे जमा करून बदलीचा कागद घ्या. तो दाखवला की इथल्या एजन्सीत जोडणी होते.

९. मुलांना कुठल्या माध्यमात घालावं? मराठी शाळा चांगल्या आहेत का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सरकारी आणि अनुदानित मराठी शाळा आहेत आणि त्यांतल्या अनेकांत शिक्षक जीव ओतून शिकवतात. पाटी वाचून ठरवू नका. शाळा सुरू असताना जा, वर्गात मुलं किती आहेत पाहा, पाचवीच्या मुलाला वाचायला लावा. घरात मराठी बोलणारं मूल पहिली-दुसरीत मराठीतून शिकलं तर वाचन लवकर बसतं, असं माझं ठाम मत आहे. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी असं म्हटलं आहे. शाळेचा पट टिकला तरच ती सोय टिकते, हेही पालकांनी लक्षात घ्यावं.

इंग्रजी माध्यम निवडलंत तरी कन्नड येणारच. २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते. याची धास्ती नको. लहान मुलं ती खेळताना उचलतात. मोठ्या मुलांचं प्रश्न ११ मध्ये पाहा.

१०. आम्हाला कन्नड अजिबात येत नाही. अडेल का?

बाजारात नाही. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठेत दुकानदार मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलतात. रिक्षा, दवाखाना, भाजी, सगळं मराठीत होतं. अडतं ते सरकारी खिडकीवर, कारण फॉर्म आणि नोटिसा कन्नडमध्ये असतात. फॉर्मवरचे चार शब्द ओळखता आले तरी अर्धं काम होतं: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, तंदेय हेसरु म्हणजे वडिलांचं नाव, अर्जी म्हणजे अर्ज. बाकी भरायला नाडकचेरीजवळ (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) किंवा ‘कर्नाटक वन’ (Karnataka One) या सरकारी सेवा केंद्राबाहेर माणसं असतात. काय लिहिलं ते मात्र सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या.

आणि कन्नड शिका. लिपी शिकायला फार दिवस लागत नाहीत. घरात, देवघरात, पत्रात मराठी राहू दे, पण शेजारच्या अक्कांशी दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललात की त्या दारातून आत येतात. सीमेवरच्या आपल्या माणसांनी दोन्ही भाषा पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या आहेत.

११. शाळेचं वर्ष मध्येच सोडून आलो तर प्रवेश मिळेल का?

मिळतो, पण राज्य बदलत असाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुन्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. त्या एका सहीसाठी पालकांना परत कोल्हापूर, सांगली गाठावी लागते. गुणपत्रकं, आधार आणि युडायसचा पेन नंबरही (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) घ्या. दोन्ही राज्यांचं वर्ष साधारण जूनच्या सुमारास सुरू होतं, पण दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या जुळत नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बदली करू असं ठरवण्याआधी इथल्या शाळेचं वेळापत्रक विचारा. सहावीच्या पुढच्या मुलाला कन्नडसाठी काय मदत किंवा सूट मिळेल, हे मुख्याध्यापकांना प्रवेशाआधी विचारा. सहावी ते बारावीतली मुलं असतील तर प्रश्न १८ वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

१२. बायकांना बस फुकट आहे ना? आम्हाला कधीपासून?

कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र हातात आलं की. शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे आणि ती साध्या सरकारी गाड्यांना लागू आहे. कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य गाडीत तिकीट काढावं लागतं.

१३. एमएच पासिंगची गाडी किती दिवस चालवता येते?

मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की नवा नंबर घ्यावा लागतो. क्रम असा: जुन्या आरटीओकडून एनओसी (कर्ज असेल तर आधी बँकेची), मग बेळगाव आरटीओत अर्ज, गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर, मग केए २२ नंबर. शेवटी जुन्या राज्यात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागायचा. परतावा लगेच मिळत नाही, म्हणून कराची रक्कम आधीपासून बाजूला ठेवा. पहिल्या दिवसापासून इथला भाडेकरार जवळ ठेवा, रस्त्यात विचारलं तर कधी आलात ते दाखवता येतं. तालुका चिकोडी असेल तर नंबर केए २३. बीएच (भारत सिरीज) नंबर असेल तर यातलं काही नाही.

१४. पावसाळ्यात घर बदललं तर चालेल का?

शक्यतो टाळा, पण घर पाहायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच पाहा. इथला पाऊस कोकणाला लागून असलेल्या पश्चिमेकडून येतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला ओल धरते का, गच्ची गळते का, कपाटाच्या मागे बुरशी आहे का, हे तेव्हाच दिसतं. उन्हाळ्यात नवा रंग मारलेल्या भिंतीवरून काही कळत नाही. बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या सखल भागात पाणी चढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गल्लीत कुठवर पाणी आलं होतं, असं शेजारी विचारा. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

१५. आई-बाबांना इथं करमत नाही. काय करावं?

त्यांना पहिल्या आठवड्यातच बाहेर काढा, घर लावून झाल्यावर नको. आधी शेजारी. दूध ऊतू घालण्याच्या दिवशी चार घरी कुंदा (इथली खव्याची मिठाई) देऊन या आणि तो द्यायला आई-बाबांनाच पाठवा, म्हणजे ओळख त्यांची होते. वाचणारे असतील तर १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, रोजची मराठी वर्तमानपत्रं आहेत. व्याख्यानं आवडत असतील तर किर्लोस्कर रोडला वाङ्मय चर्चा मंडळ. कपिलेश्वर, मिलिटरी महादेव इथं सकाळी जाणाऱ्यांचा आपोआप गट जमतो. गावाकडे परतायची सोय डोळ्यांसमोर असली की माणूस स्थिरावतो, म्हणून त्यांच्या गावी जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहून भिंतीवर लावा.

१६. मुलांना मित्र मिळत नाहीत. आणि गल्लीत वर्गणी द्यावीच लागते का?

ही दोन्ही उत्तरं एकच आहेत. बेळगावात गल्लीला पंच असतात, मंडळ असतं, आणि नवं बिऱ्हाड आलं की वर्गणीच्या निमित्ताने ते दारात येतात. ऐपतीप्रमाणे द्या, पण पावती घेऊन दार लावू नका. मुलाला त्यांच्याबरोबर पाठवा. गणपती, नवरात्रातली पहाटेची दुर्गामाता दौड, दिवाळीत मातीचे किल्ले, वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ. किल्ल्याला माती कालवायला हात लागतातच, तिथं नवं पोर चटकन सामावतं. वडगावला राहत असाल तर आषाढात मंगाई देवीची यात्रा असते. त्याआधी तिथं वार पाळतात. तुमच्या गल्लीत काय पाळतात ते शेजारच्या काकूंना विचारा.

१७. एक नोव्हेंबरला काय असतं? काळजी करावी का?

त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आणि चन्नम्मा चौकाकडे मोठी मिरवणूक असते. मराठी संघटना त्याच दिवशी काळा दिन पाळून फेरी काढतात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सामान हलवायला, पाहुणे बोलवायला तो दिवस ठेवू नका, दुचाकी घेऊन मुख्य रस्त्याला जाऊ नका. डिसेंबरच्या आसपास सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं तेव्हाही रस्ते आणि लॉज भरलेले असतात. एरवी गल्लीत दोन्ही भाषांची माणसं एकमेकांच्या लग्नाकार्यात असतात. मुलांच्या मनात भीती घालू नका.

१८. मुलगी नववीत आहे. आत्ता आणलं तर सीईटीला अडचण येईल का?

येऊ शकते, आणि हे बारावीनंतर कळलं तर उपाय उरत नाही. कर्नाटकाच्या सीईटीत राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावीत किमान सात पूर्ण वर्षं कर्नाटकात शिक्षण झालेलं हवं, आणि दहावी किंवा बारावी इथून. नववीत आलेल्या मुलीची चारच वर्षं भरतात. लष्करी आणि काही सरकारी नोकरांच्या मुलांसाठी वेगळी कलमं आहेत, ती तुमच्या नोकरीला लागतात का ते माहितीपुस्तिकेत पाहा. दुसरीकडे, दहावी-बारावी कुठून झाली याला महाराष्ट्राच्या प्रवेशातही वजन आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिथं वेगळी तरतूद आहे, तिची कागदपत्रं आधीच तपासा. नीटमधल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांना हा प्रश्न येत नाही.

मुलगी हुशार असेल आणि आजी-आजोबा गावी असतील तर तिला बारावीपर्यंत तिथंच ठेवण्याचा विचार करा. लेकीला दूर ठेवणं जड जातं, पण तिला विचारून ठरवा.

१९. जातीचा दाखला इथं नव्याने मिळतो का?

जिल्ह्यातूनच आला असाल तर मूळ तालुक्याच्या नाडकचेरीतून. राज्य बदलून आला असाल तर महाराष्ट्राचा दाखला कर्नाटकाच्या आरक्षणाला चालत नाही. वर्गही वेगळे आहेत, उदाहरणार्थ मराठा समाज कर्नाटकात ३ब मध्ये येतो. केंद्राची यादी आणखी वेगळी.

२०. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा प्लॉटच घ्यावा म्हणतो. काय तपासू?

पहिलं वर्ष भाड्याने राहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय भाग कळत नाही (प्रश्न ३ आणि १४). मग घ्यायचंच तर: जमीन एनए आहे का, लेआउट बुडाने (बेळगाव नगर विकास प्राधिकरण) मंजूर केलेला आहे का, महापालिका हद्दीत असेल तर ई-खाता, पंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तू (दोन्ही मिळकतीचे ऑनलाइन उतारे) आहे का, आणि निदान तीस वर्षांची ईसी. सातबारा शोधू नका, शेतजमिनीला इथं पहाणी उतारा असतो. शेतजमिनीचे गुंठे पाडून बॉण्डवर विकलेले प्लॉट स्वस्त असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कागद कन्नडमध्ये असतील तर विकणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. घर झाल्यावर घरपट्टी एप्रिलमध्येच भरली तर ५ टक्के सूट मिळते.

२१. नवरा कोल्हापुरातच नोकरीला, मी आणि मुलं बेळगावात. पत्ता कुणाचा बदलायचा?

ज्यांचं रोजचं आयुष्य इथं आहे त्यांचा. भाडेकरार तुमच्या नावावर करा, आधारचा पत्ता तुमचा आणि मुलांचा बदला, मतदानही तुमचं इथं आणा. त्यांचं तिथंच राहू दे. गाडी तिकडे राहत असेल आणि फक्त शनिवार-रविवार येत असेल तर प्रश्न १३ लागू होत नाही. तुम्ही इथं रोज चालवत असाल तर होतो. रेशन कार्ड कुटुंबाचं असतं, एक माणूस तिकडे आणि बाकीचे इकडे असं फोडण्याआधी कार्डावर कुणाला काय सवलत मिळते याचा हिशोब करा. शाळेत वडिलांची सही लागणारे सगळे कागद पहिल्याच शनिवारी त्यांना समोर बसवून पुरे करून घ्या, आणि तातडीच्या वेळी मुलांना शाळेतून आणू शकेल अशा एका शेजाऱ्याचं नाव शाळेत लेखी देऊन ठेवा.